डेटाबेसची चाचणी आणि मोहोळची विद्यार्थिनी

विद्यापीठाच्या ग्रंथालयात एखादा संशोधन-डेटाबेस विकत घेण्याआधी तो काही दिवस, बहुधा महिनाभर, फुकट वापरून पाहण्याची रीत आहे. प्रकाशक दार उघडतो, ग्रंथालय परिपत्रक काढते, विभागांकडून अभिप्राय मागवते. मुदत संपली की किती जणांनी किती लेख उघडले याचा तक्ता पाहून वर्गणी भरायची की नाही ते ठरते. वरकरणी यात वावगे काही नाही. सार्वजनिक पैसा डोळे झाकून खर्च होऊ नये, हे कोणीही मान्य करील. परंतु मूल्यमापन हा शब्द साहित्यात उच्चारा की ग्रंथालयात, पहिला प्रश्न निकषांचा येतो. निकष कोणी ठरवले? आणि ज्यांच्या नावाने ही सामग्री घ्यायची, ते निकष ठरताना कुठे होते?

मोहोळची एक विद्यार्थिनी कल्पनेत घेऊ. घरातली पहिलीच पदवीधर. डिसेंबर १९३७ च्या अखेरीस बाबासाहेब सोलापूर जिल्ह्यातील अस्पृश्यवर्गाच्या परिषदेसाठी पंढरपूरला आले. जानेवारी १९३८ च्या आरंभी सोलापूर नगरपालिकेने त्यांना मानपत्र दिले. या दौऱ्याचा भोवतालच्या खेड्यांवर काय परिणाम झाला, हा तिचा विषय आहे. चाचणीवर असलेल्या डेटाबेसच्या शोधचौकटीत ती काय लिहील?

ती इंग्रजीत 'सोलापूर' लिहील. पण इंग्रजी अमदानीतले दप्तर आणि जुने लेखन 'शोलापूर' असे आहे. शोधयंत्राला ही दोन नावे एकाच गावाची आहेत हे कोणी शिकवले नसेल, तर अर्धा इतिहास तिच्यापुढे येणारच नाही. ती 'दलित' लिहील. त्या काळच्या लेखनात मात्र 'डिप्रेस्ड क्लासेस', 'अनटचेबल्स', 'हरिजन' हे शब्द आहेत. त्याच जानेवारी १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत 'हरिजन' या शब्दाला विरोध करून स्वतंत्र मजूर पक्षाने सभात्याग केला होता. जो शब्द आपण नाकारला तोच टाइप केल्यावाचून आपला इतिहास उघडत नाही, असा हा पेच आहे. चांगल्या डेटाबेसमध्ये पर्यायी शब्द परस्परांना जोडलेले असतात. चाचणीत ही जोडणी तपासावी असे किती जणांना सुचते? आणि आपल्या गावाचे नाव इंग्रजीत लिहून तिने पुढे तारांकन दिले, तर अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९६१ मध्ये समुद्रतळाला भोके पाडली तो 'प्रोजेक्ट मोहोल' तिच्यापुढे येईल. हसू येते, पण यंत्राचे लक्ष कुठे आहे तेही कळते.

याचा अर्थ परदेशी ज्ञानाकडे पाठ फिरवावी असा मुळीच नाही. १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या माणसाचे आपण अनुयायी आहोत. ग्रंथसंग्रहाची किंमत राजगृह बांधणाऱ्याच्या वारसांना कोणी सांगायला नको. जेस्टोरमध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'चे जुने अंक आहेत. गेल ऑम्व्हेट, एलिनॉर झेलियट यांचे लेखन आज अशाच मार्गाने हाती लागते. ते मोहोळच्या मुलीला मिळालेच पाहिजे, आणि तेही मेहरबानी म्हणून नव्हे.

पण अशा लेखांच्या तळटिपा वाचाव्यात. तिथे 'जनता'चे, 'प्रबुद्ध भारत'चे, 'अस्मितादर्श'चे अंक येतात. तळटीप जेस्टोरमध्ये आहे, 'अस्मितादर्श'चा अंक नाही. जगण्याचा आणि विचाराचा कच्चा माल आमचा. पक्का माल होऊन तो दुसऱ्या भाषेत परत येतो आणि त्याची वर्गणी भरावी लागते. जिल्ह्यातलेच उदाहरण पाहा. अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरचे शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' १९८४ मध्ये आले, इंग्रजी अनुवाद २००३ मध्ये. इंग्रजी नियतकालिकांतली चर्चा मुख्यतः त्या अनुवादावर उभी आहे. मधल्या एकोणीस वर्षांत मराठीत झालेला वाद अशा डेटाबेसमधून उभा राहत नाही.

मराठीतले जे फुकट उपलब्ध आहे त्याची तरी काय अवस्था आहे? इन्फ्लिबनेटच्या 'शोधगंगा'वर मराठी प्रबंध आहेत, ही मोठीच सोय. परंतु अनेक प्रबंध युनिकोडपूर्व फॉन्टांत टाइप केलेले किंवा नुसत्या पानांची छायाचित्रे काढून चढवलेले आहेत. त्यांच्या मजकुरात 'महार वतन' शोधले तर हाती काही लागत नाही. शीर्षकात शब्द असेल तरच भेट.

२५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने 'एक राष्ट्र, एक वर्गणी' योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके. योजना स्वागतार्ह आहे. तरी तिचा पहिला निकष संस्था शासकीय व्यवस्थापनाखाली आहे की नाही, हा आहे. विद्यार्थ्याची गरज तिथे मोजमापात येत नाही. या यादीबाहेरचे डेटाबेस विद्यापीठांना अजूनही चाचणी घेऊनच निवडावे लागतात. म्हणून चाचणीचा प्रश्न संपलेला नाही.

आता त्या तक्त्याविषयी. 'काउंटर' या आंतरराष्ट्रीय मानकानुसार लेख किती वेळा उघडला ते मोजतात, आणि वर्गणी नसल्यामुळे कितींना परत पाठवले तेही मोजतात. ही चांगली गोष्ट आहे. पण परत पाठवले जाण्यासाठी आधी दारापर्यंत यावे लागते. चाचणीचा प्रवेश पुष्कळदा विद्यापीठाच्या आवारातल्या संगणकांपुरता असतो. सोलापूरचे विद्यापीठ केगावला, पुणे रस्त्यावर. मोहोळहून येताना शहराच्या आधीच लागते. अंतराची अडचण फारशी नाही. संलग्न महाविद्यालयातल्या मुलीला चाचणी चालू आहे हे कोणी कळवले तर ती येईल. न कळवता शून्य वापर नोंदवायचा आणि 'ग्रामीण विद्यार्थ्यांकडून मागणी नाही' असा निष्कर्ष काढायचा, हा न्याय आपल्या ओळखीचा आहे.

रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे, हा त्यांतला एक. आपल्याकडची ग्रंथालयशास्त्राची मुले तो परीक्षेसाठी पाठ करतात. चाचणीत तो वापरायचा तर सोपी गोष्ट करता येईल. संलग्न महाविद्यालयांतल्या वीस-पंचवीस विद्यार्थ्यांना घरून चालणारा प्रवेश द्यावा, स्वतःच्या विषयावर शोध घ्यायला लावावे आणि शेजारी ग्रंथपालाने बसावे. अभिप्रायाच्या अर्जात 'काय शोधले आणि मिळाले नाही' असा रकाना ठेवावा, तो मराठीत भरता यावा, आणि वर्गणी ठरवणाऱ्या समितीपुढे वापराच्या तक्त्याबरोबर तोही मांडला जावा. प्रकाशकाशी भाव करताना ग्रंथपालाला त्या रकान्याचाच उपयोग अधिक होईल.