कोरियांतील संगीतिका

परकी कला घरीं आणली म्हणजे तिचें केवळ अनुकरण करावयाचें, कीं तिला आपली भाषा शिकवावयाची? कोरियांतील ऑपेराचा इतिहास पाहतांना हा प्रश्न आमच्यापुढें उभा राहतो. जानेवारी १९४८ मध्यें सेऊल येथें व्हेर्दीची 'ला त्राव्हियाता' रंगभूमीवर आली. तिचे पुरस्कर्ते ली इन-सॉन हे पेशानें डॉक्टर व हौसेनें गायक होते. जपानी अंमल संपून तेव्हां पुरतीं तीन वर्षेंही लोटलीं नव्हतीं. पुढें १९५० मध्यें ह्यॉन जे-म्यॉंग यांनीं 'चुन्ह्यांगजॉन' ही स्वदेशी कथेवरील संगीतिका रचिली.

ही निवड आम्हांस अर्थपूर्ण वाटते. चुन्ह्यांगच्या एकनिष्ठ प्रेमाची कथा पान्सोरीचा गायक एकाच ढोलवाल्याच्या साथीनें तासन्‌तास गातो. नायिका, प्रियकर, जुलमी अधिकारी हीं सारीं पात्रें त्याच्या एकाच, घोटून घोटून खरखरीत केलेल्या कंठांतून बोलतात. संगीतिकेंत तींच पात्रें निरनिराळ्या गळ्यांत वांटलीं गेलीं व स्वर निर्मळ, गोल झाला. कथा व भाषा राहिली, आवाज पालटला.

युन इ-सांग यांनीं उलट वाट धरिली. १९७२ मध्यें म्युनिक येथें झालेल्या त्यांच्या 'सिम च्यॉंग'मध्यें कथा पान्सोरींतीलच आहे. एकेका स्वराला हेलकावे देण्याची कोरियन रीति त्यांनीं पाश्चात्त्य वाद्यमेळांत उतरविली. पण पात्रें बोलतात जर्मन!

एकानें भाषा राखिली, दुसऱ्यानें स्वराचें वळण. दोघांचेंही ऋण आम्ही मान्य करितों. परंतु भाषा व स्वर हीं जुळीं भावंडें आहेत. त्यांची ताटातूट न होऊं देणें हीच अशा कलेची खरी कसोटी होय.