साबण नसलेला दगड

एका वस्तुसूचीतली ओळ मराठीत आणायची होती : ‘सोपस्टोन लोहान, चीन, अठरावे शतक’. एवढीशी ओळ, पण तिच्यातले पहिले दोन्ही शब्द इंग्रजीच्या सोयीचे आहेत, आणि ही सोय आपण किती मुकाट्याने घेतो ते मला उशिरा कळले.

आधी दगड. खरा सोपस्टोन म्हणजे शंखजिऱ्याचा दगड. बेलूरचे मंदिर (1117) ज्यातून घडले तो क्लोराइटयुक्त शिस्ट. इंग्रजी पुस्तके त्यालाही सोपस्टोनच म्हणतात. चिनी मूर्तींचा दगड बहुधा फूचौजवळच्या शोउशानचा असतो, आणि त्यात मुख्यतः पायरोफिलाइट, डिकाइट अशी खनिजे असतात. तीन वेगळे दगड, नाव एकच, कारण तिन्ही बोटाला गुळगुळीत लागतात. कन्नडमध्ये ‘बळपद कल्लु’ म्हणतात. बळप म्हणजे पाटीवरची पेन्सिल. इंग्रजीला या दगडात साबण दिसला, कन्नडला अक्षर. मऊ दगडावर नाव कोरण्याचा मोह कारागिरांनाही आवरला नाही. सोमनाथपूरला मल्लितम्माची सही आहे, आणि सतराव्या शतकातल्या यांग युश्वानने आपल्या शोउशान मूर्तींवर नाव कोरले आहे. वस्तुसूचीत मात्र ‘सोपस्टोन’ आधी येतो आणि कारागीर बहुतेक वेळा येतच नाही.

मग ‘लोहान’. मूळ शब्द आपला : अर्हत. चिनीत तो ‘आलुओहान’ झाला, आखडून ‘लुओहान’, आणि जुन्या रोमन लिपीतल्या लेखनातून ‘लोहान’ होऊन आपल्याकडे परतला. मी उत्साहाने ‘अर्हत’ लिहून मोकळी झाले. महाराष्ट्रातल्या बौद्ध वाचकाला हा शब्द वंदनेतून ठाऊक आहे, जैन वाचकाला ‘अरिहंत’ म्हणून. घरच्या माणसाला परक्या नावाने का हाक मारायची?

पण मूर्तीची छायाचित्रे पुन्हा पाहिली. लोंबत्या भुवया, मांडीशी खेळणारे सिंहाचे पिल्लू, वस्त्राच्या काठावर बारीक कोरून सोन्याने भरलेली वेलबुट्टी. हा माणूस अजिंठ्याच्या भिंतीवर सापडणार नाही. सोळा अर्हतांची नावे चीनमध्ये रुजली ती मुख्यतः ह्युएनत्संगाने 654 मध्ये केलेल्या एका अनुवादामुळे. हा तोच प्रवासी, ज्याने पुलकेशीच्या महाराष्ट्राचे वर्णन लिहून ठेवले. पुढे चीनने सोळाचे अठरा केले, आणि दहाव्या शतकाच्या आधीच चित्रकार क्वानश्यू याने त्यांना ते विचित्र, परदेशी चेहरे दिले. म्हणजे चीनने त्यांना ‘पाहुणे’ म्हणूनच कोरले. नुसते ‘अर्हत’ लिहून मी तो हजार वर्षांचा पाहुणचार पुसत होते. अभिमानाच्या भरात केलेला अनुवादही चुकीचा असू शकतो.

ह्युएनत्संगाच्या नावावर अनुवादाचे पाच नियम सांगतात : कोणते शब्द भाषांतरित न करता ध्वनीनेच ठेवावेत. अनेकार्थी शब्द हा त्यांतला एक प्रकार. ‘अर्हत’चा अर्थ ‘पूजेस पात्र’ असा चिनीत सहज सांगता आला असता. तरी आधीच्या अनुवादकांप्रमाणे त्यानेही ध्वनी राखला. त्याने आपल्या शब्दाला दिलेला मान आपण त्याच्या शब्दाला द्यायला काय हरकत आहे?

शेवटी मी लिहिले : ‘लुओहान, शोउशान दगड, चीन, अठरावे शतक’. खाली एक वाक्य : ‘अर्हत या शब्दाचे चिनी रूप, ही मूर्ती चिनी परंपरेतील अठरा अर्हतांपैकी एकाची.’ ओळ लांबली. संपादकांनी जागेची अडचण सांगितली. मी ‘अठरावे शतक’ आखडायला तयार झाले, खालचे वाक्य गाळायला नाही. वस्तुसूची ही टीकेची सर्वांत लहान जात आहे. तिच्यात कोणाचे नाव आधी येते आणि कोणाचे गळते, यावरून काचेपलीकडे कोण उभे आहे असे आपण मानतो, ते ठरते.