वर्गणी घरटी, बैठक कुणाची?



तमाशाची समीक्षा करताना आपण सगळे बोर्डाकडे तोंड करून बसतो. गण कसा झाला, गवळणीत मावशी किती रंगली, सोंगाड्याची बतावणी ताजी होती की मागच्या वर्षीचीच, वग कुठं सैल पडला, यावर पुष्कळ बोललं गेलंय. आज आम्ही जरा उलटं बसणार आहोत. बोर्डाकडे पाठ करायची आणि समोरच्या मैदानात कोण बसलंय, कोण उभं आहे आणि कोण आलेलंच नाही, हे बघायचं. आमच्या मते यात्रेतल्या तमाशाचं मोठं अपयश त्या मैदानात आहे, आणि ते कलावंतांचं नाही, प्रेक्षक म्हणून आपलं आहे.

सुरुवात जरा लांबून करू, समुद्रावरून. मुंबईहून गोव्याला जाणारी क्रूझ आता आपल्याकडच्या सहलींच्या यादीत आलीय, तेव्हा उदाहरण अगदीच परकं वाटणार नाही. २००९ साली 'ओअ‍ॅसिस ऑफ द सीज' नावाचं प्रचंड जहाज पाण्यात आलं. एका खोलीत दोघं असा हिशोब धरला, तर त्यावर सुमारे ५,४०० प्रवासी होतात. मुख्य नाट्यगृहात खुर्च्या आहेत साधारण १,४००. म्हणजे एका वेळी चौघांतल्या एकालाच जागा. पैसे तर सगळ्यांनी आधीच भरलेले असतात. मग काय करतात? तोच खेळ पुन्हा पुन्हा लावतात. जागा आधी नोंदवायला सांगतात. ज्यांनी नोंदवली नाही त्यांनी रांगेत थांबायचं, खुर्च्या उरल्या तर आत जायचं. यावरही प्रवासी कुरकुर करतातच, आणि ती रास्त आहे. एकदा पैसे घेतल्यावर पुन्हा रांग कशासाठी?

पण त्याच जहाजावर दुसरा एक हिशोब असतो. १९१२ साली टायटॅनिक बुडालं, तेव्हा सगळ्यांना पुरतील इतक्या होड्याच त्यावर नव्हत्या. त्या धड्यातून आंतरराष्ट्रीय नियम झाले. आज प्रत्येक प्रवाशानं संकटात कुठं जमायचं हे ठरलेलं असतं आणि ते त्याला सुरुवातीलाच सांगतात. जीव वाचवायला प्रत्येकाला जागा, खेळ बघायला चौघांत एकाला. व्यवस्था चांगली की वाईट हे बाजूला ठेवा. हे दोन्ही आकडे जहाज चालवणाऱ्याला माहीत असतात, एवढं लक्षात ठेवा.

आता आपल्या यात्रेच्या मैदानावर या. इथं दोन्ही आकडे कुणालाच माहीत नसतात.

यात्रेचा तमाशा कसा ठरतो ते तुम्हाला ठाऊक आहे. पाडव्याच्या सुमारास नारायणगावला फडांच्या राहुट्या लागतात. तिथं गावोगावची पंचमंडळी जातात, फड बघतात, घासाघीस होते, सुपारी ठरते. ती रक्कम येते वर्गणीतून आणि वर्गणी असते घरटी. ज्या घरात कर्ता पुरुष नाही, विधवा बाई आणि दोन मुली आहेत, त्या घराचंही नाव वहीत असतं. मग रात्री खेळ सगळ्या गावाला फुकट. 'फुकट' हा शब्द इथं फसवा आहे. पैसे आधीच गेलेले असतात, जहाजासारखेच. आणि ज्या बाईच्या घरातून ते गेले, ती बहुतेक गावांत मैदानात बसलेली नसते. फार तर धाब्यावरून किंवा ओसरीच्या आडून ढोलकी ऐकते.

तंबूच्या तमाशाची तऱ्हा वेगळी. तिथं चारी बाजूंनी कनात, दारावर तिकीट, आत जमिनीवर बैठक. कनात नजर अडवते, आवाज अडवू शकत नाही. त्यामुळं कनातीबाहेर ऐकणाऱ्यांचा एक वेगळाच प्रेक्षकवर्ग कायम राहिला. आत एकदा गेलं की पाटील आणि सालगडी एकाच मातीवर, हा त्या बैठकीचा गुण होता आणि तो मान्य केला पाहिजे. पण ही बरोबरी पुरुषांपुरतीच होती.

विरोधाभास बघा. संगमनेर तालुक्यातल्या हिवरगावच्या पवळाबाई पठ्ठे बापूरावांबरोबर बोर्डावर उभ्या राहिल्या. तमाशात नाचलेली पहिली स्त्री म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. त्याआधी बाईची कामं नाच्या पोऱ्या करायचा. या गोष्टीला शंभराहून जास्त वर्षं झाली. पुढं कांताबाई सातारकरांनी फड चालवला, नुसता नाच केला नाही. मालकीण म्हणून माणसं सांभाळली, वगात राजाची कामंसुद्धा केली. त्या संगमनेरलाच राहिल्या, आणि २०२१ च्या मे महिन्यात तिथंच गेल्या. म्हणजे आपल्याच जिल्ह्यातल्या बायकांनी बोर्ड मिळवला, फड मिळवला. समोरच्या मैदानात मात्र बाईला चौरस फूटभर जागा आपण करून दिली नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं: तमाशा चावट असतो, बायका कशा येतील? आम्हाला हा युक्तिवाद उलटा वाटतो. बतावणी समोरच्याकडे बघून वळते. सोंगाडी हुशार असतो, कुठल्या वाक्याला शिट्टी येते हे त्याला पहिल्या दहा मिनिटांत कळतं. समोर फक्त पुरुष बसवले, तर खेळ पुरुषांच्या दिशेनं घसरणारच. १९५९ चा 'सांगत्ये ऐका' आठवा. अनंत माने यांचा हा तमाशापट पुण्यात विजयानंदला शंभराहून जास्त आठवडे चालला. तो काय फक्त पुरुषांनी चालवला? बायका गेल्या, सहकुटुंब गेल्या. विषय तोच, ढोलकी तीच, लावणी तीच. फरक एवढाच होता की थिएटरात खुर्ची होती, तिकिटावर नंबर होता, अंधार होता आणि बाहेर पडायला दार होतं. बाईला तमाशा नको होता असं नाही. तिला धक्काबुक्की नको होती, आणि उद्या गावात होणारी चर्चा नको होती.

दुसरं उत्तर येतं: एवढ्या गर्दीत वेगळी व्यवस्था कशी करायची? हे तर आपल्या जिल्ह्यानं बोलूच नये. श्रावणात सराला बेटाच्या गंगागिरी महाराजांचा सप्ताह भरतो. लाखांनी लोक येतात. गावागावांतून भाकरी येते, आमटी शिजते, पंगती बसतात, आणि बायका कीर्तनाला मांडवात बसतात. हेच गावकरी, हेच स्वयंसेवक, हेच ट्रॅक्टर. तिथं लाखांची बैठक लावता येते आणि तमाशाला पाच हजारांची येत नाही? याचा अर्थ अडचण गर्दीची नाही. कोणत्या कार्यक्रमाला आपण गावाचा कार्यक्रम मानतो आणि कोणत्याला पुरुषांची चैन मानतो, याची आहे.

संगमनेरचे अनंत फंदी इथं आठवतात. पेशवाईतला नावाजलेला शाहीर, तमाशाचा फड गाजवणारा. परंपरा असं सांगते की अहिल्याबाई होळकरांच्या शब्दावरून त्यांनी तमाशा सोडला आणि कीर्तन धरलं. २०२४ साली जिल्ह्याला अहिल्यादेवींचं नाव लागलं, त्यानंतर ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली जाते, आणि बहुधा नीतीची गोष्ट म्हणून सांगितली जाते. आम्ही ती प्रेक्षकांची गोष्ट म्हणूनही वाचतो. फडावरून देवळात गेल्याबरोबर त्याच शाहिराच्या समोर बाया, म्हाताऱ्या, लेकरं येऊन बसली असणार. माणूस तोच, आवाज तोच, समोरची बैठक बदलली. ही बैठक फडावरच का बदलू नये, हा प्रश्न तेव्हाही कुणी विचारला नाही.

आता गेल्या पंचवीसेक वर्षांत काय झालं ते बघू. पूर्वी जेवणंखाणं उरकून लोक दहा-अकराला जमायचे. ढोलकी-हलगीची जुगलबंदी लांबायची, तेवढ्यात मागून येणारे येऊन टेकायचे. वग पहाटेपर्यंत चालायचा. अर्धी माणसं मधेच उठून जायची, त्यांच्या जागी दुसरी यायची. दुसऱ्या दिवशी सकाळी देवळापुढं हजेरी, मग कुस्त्यांचा हगामा. म्हणजे वेळ लांब असल्यामुळं गर्दी आपोआप वाटली जायची. जहाजवाले खेळ पुन्हा लावून जे साधतात, ते आपल्याकडं रात्र साधायची.

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर भोंगा बंद. वर्षातले पंधरापर्यंत दिवस बारापर्यंत सूट देता येते, पण ते दिवस सरकार ठरवतं, आणि यात्रा तर प्रत्येक गावाची वेगळ्या तिथीला. नियमाला आमचा विरोध नाही. आजारी माणसाला आणि परीक्षेच्या पोराला झोप पाहिजेच. पण परिणाम समजून घ्या. आठ तासांत पसरणारी गर्दी दोन-अडीच तासांत कोंबली गेली. वग कापला गेला, गाणी वाढली. मैदान तेवढंच, माणसं तेवढीच, रात्र मात्र आखूड.

यात भर पडली पुढच्या सोफ्यांची. वर्गणी सगळ्यांची आणि पहिल्या चार रांगा पुढाऱ्यांच्या. त्यामागं बांबूचं कठडं, कठड्याला रेटणारी पोरं, पोरांच्या मागं न दिसणारी माणसं. तमाशाच्या जागी जिथं नुसता डीजेवरचा नाच आणला जातो, तिथं तर पोरं झाडावर आणि पत्र्यावर चढतात. जमिनीवरची बैठक मोडली तिथं हे सुरू झालं. माणूस मांडी घालून बसला की रेटारेटी करत नाही. उभा राहिला की मागचा रेटतोच.

आणि गर्दीचा प्रश्न नुसता करमणुकीचा राहत नाही. २५ जानेवारी २००५ ला वाईजवळ मांढरदेवीला यात्रेत काय झालं ते महाराष्ट्र विसरलेला नाही. अरुंद वाट, चेंगराचेंगरी, आग, आणि अडीचशेहून जास्त माणसं गेली. टायटॅनिकनंतर जहाजांनी होड्या मोजल्या. मांढरदेवीनंतर मोठ्या देवस्थानांनी वाटांचा विचार केला. गावच्या यात्रेत मात्र आजही मैदानाला बाहेर पडायच्या वाटा किती, हा प्रश्न बैठकीत कुणी विचारला तर लोक हसतात.

एक गोष्ट स्पष्ट करू, म्हणजे गैरसमज नको. आम्ही गर्दीच्या विरोधात नाही. गर्दी ही फडाची भाकरी आहे. २५ मार्च २०२० ला टाळेबंदी सुरू झाली तो दिवस पाडव्याचा होता, ऐन सुपाऱ्यांच्या दिवसांतला. गर्दीच नाही म्हटल्यावर फडांचं काय झालं, कलावंतांना मोलमजुरी कशी करावी लागली, हे आपण पाहिलंय. म्हणून प्रेक्षक कमी करा असं आम्ही म्हणणार नाही. उलट जो अर्धा प्रेक्षक आजवर बाहेर ठेवला, तो आत घेतला तर फड टिकेल.

करायचं काय, तर फार अवघड नाही. सोफे काढा, सगळे जमिनीवर. मैदानाचा निम्मा भाग बायकांचा, उजेडात, जायला-यायला स्वतंत्र वाट आणि जवळ शौचालय. खेळ सातला सुरू. सकाळची हजेरी उरकून टाकायची गोष्ट समजू नका. तो दुसरा पूर्ण खेळ धरा, सुपारी तशी वाढवून द्या. दिवसा म्हाताऱ्या, शाळेच्या मुली सहज येतील. आणि बाहेर पडायच्या वाटा आधी चालून बघा.

पुढच्या पाडव्याला तुमच्या गावची मंडळी नारायणगावला निघतील, तेव्हा त्यांच्याकडं वर्गणीची वही मागा. त्यातली बायकांच्या नावावरची घरं मोजा. मग विचारा, यांतल्या किती जणींना गेल्या वर्षी खेळ दिसला?

इथं थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.