चिखल कुठल्या गावचा?

प्लॅस्टिकच्या रणगाड्यांचं जवळजवळ सारं जग १:३५ या प्रमाणावर चालतं, आणि ते प्रमाण कुणी विचार करून ठरवलेलं नव्हतं. जपानमधल्या शिझुओकाची टामिया ही मूळची लाकूडकामातली कंपनी. १९६१ साली तिने जर्मन ‘पँथर’ रणगाड्याचं मोटारवर चालणारं मॉडेल काढलं. आत मोटार आणि बॅटऱ्या बसतील एवढा गाडा बनवला गेला. मागाहून मोजलं तर तो मूळ गाड्याच्या साधारण पस्तिसाव्या हिश्शाचा भरला. खोक्यावरचं चित्र शिगेरू कोमात्सुझाकी यांचं, साहसकथांच्या मासिकांमुळे जपानी मुलांना चांगले ठाऊक असलेल्या चित्रकाराचं. मुलांनी जमिनीवर पळवायची ती वस्तू होती. तिचा अभ्यासविषय झाला तो पुढच्या सात वर्षांत. १९६६ साली शुन्साकू टामिया कॅमेरा घेऊन अमेरिकेतल्या अबर्डीनला गेले आणि तिथे जपून ठेवलेल्या रणगाड्यांचे बारकाव्यांसकट फोटो घेऊन आले. १९६८ मध्ये त्यांच्या कंपनीची लष्करी मालिका सुरू झाली. आज या छंदातला बहुतेक प्रत्येक जण तिचंच देणं लागतो.

कारखान्यातून मॉडेल अचूक येऊ लागलं, तरी ते खरं दिसत नव्हतं. टायगर रणगाडा या प्रमाणात तोफेसकट चोवीस सेंटिमीटरचा होतो. खऱ्या गाड्यावर ऊन पडलं की पत्र्यांच्या खाली सावल्या धरतात, खाचांमध्ये काळोख साचतो, दुरून पाहताना रंग फिका होतो. यांतलं काहीही घरातल्या ट्यूबलाइटखाली त्या चोवीस सेंटिमीटरांवर आपोआप उमटत नाही. नेमकी शेड मिळवून एका रंगात सफाईने रंगवलेला रणगाडा म्हणूनच खेळण्यासारखा दिसतो. मॉडेलवर ऊनसावली, मळ, झीज रंगवण्याला आपण वेदरिंग म्हणतो. त्याच्यावर अशी दोन कामं येऊन पडतात: वजन दाखवायचं आणि काळ दाखवायचा. पहिलं काम चित्रकाराचं, दुसरं इतिहासकाराचं. गेल्या पन्नास वर्षांत या कलेने पहिल्या कामात थक्क करणारी मजल मारली आणि दुसरं काम हळूहळू सोडून दिलं, असं माझं मत आहे.

सुरुवातीला तसं नव्हतं. शिकागोचे शेपर्ड पेन सत्तरच्या दशकात मोनोग्राम कंपनीच्या १:३२ प्रमाणातल्या किटसाठी देखावे करत आणि ते कसे केले हे सांगणारी रंगीत पत्रकं खोक्यातच मिळत. १९८० साली त्यांचं देखावे उभारण्यावरचं पुस्तक आलं. पेन यांचं रंगकाम आजच्या मानाने साधं वाटेल, पण त्यांच्या देखाव्यात गाडा कुठून आला, कशासाठी थांबला, सैनिक कुणाकडे पाहतोय, याची उत्तरं आधी तयार असत. धूळ त्या उत्तरांच्या मागून येई.

ऐंशीच्या दशकात बेल्जियमच्या फ्रान्स्वा व्हर्लिंडेन यांनी छंदाचा चेहरामोहराच बदलला. गडद पातळ रंग खाचांत उतरवायचा, आणि मग जवळजवळ कोरड्या ब्रशने उठावाच्या प्रत्येक कडेवर फिका रंग घासायचा. प्रत्येक बोल्ट, प्रत्येक बिजागरी डोळ्यांत भरू लागली. पुढच्या पिढीने या पद्धतीची फार टर उडवली. ते मला अन्यायाचं वाटतं. छोट्या वस्तूवर उजेड रंगवावा लागतो, ही जाणीव सामान्य छंदिष्टापर्यंत पोचवली ती त्यांनीच.

मग आले स्पॅनिश. मिगेल हिमेनेथ, सगळ्यांचा ‘मिग’, आणि त्याच्या अवतीभोवतीच्या मंडळींनी २००० नंतरच्या दशकात रंगकामाचं व्याकरण नव्याने मांडलं. फिल्टर म्हणजे अतिशय पातळ रंगाचा हात सगळ्या अंगावरून फिरवून मूळ रंगाची छटा किंचित ढळवणं. पिनवॉश म्हणजे तोच पातळ रंग फक्त खाचेत आणि बोल्टच्या बुडाशी बारीक ब्रशने सोडणं. ऑइल कलरचे ठिपके देऊन ते टर्पेंटाइनच्या ओल्या ब्रशने खाली ओढले की पावसाचे ओघळ तयार होतात. सुक्या पिगमेंटची पूड धूळ होते. कलर मॉड्युलेशनमध्ये तर वरचे पत्रे उजळ आणि खालचे गडद करत सगळा प्रकाशच रंगातून घडवतात. त्या काळात अमेरिकन ॲडम वाइल्डरसारख्यांनी रंगांचे हे खेळ फार पुढे नेले.

या सगळ्यांत मला सर्वांत बुद्धिमान वाटते ती हेअरस्प्रेची पद्धत. हिवाळ्यात जर्मन आणि सोव्हिएत गाड्यांवर धुऊन जाणारा पांढरा रंग फासलेला असे. तो पायांनी, पावसाने, हातांच्या घासण्याने निघत जाई. मॉडेलवर आधी मूळ रंग पक्का करायचा, त्यावर केसांवर मारायचा साधा स्प्रे, वर पांढरा ॲक्रिलिक. तो सुकला की पाण्याने भिजवून ताठ ब्रशने घासायचं. खालचा स्प्रे विरघळतो आणि पांढऱ्याचे पोपडे सुटतात. इथे रंगवणारा झिजेचं चित्र काढत बसत नाही. खऱ्या गाड्यावर जे घडलं तेच तो मॉडेलवर घडवतो.

हत्यारं अशी एकाहून एक. आता एखाद्या प्रदर्शनाचं टेबल पाहा. टायगर, त्याच्या बाजूंवरून नारिंगी गंजाचे ओघळ. कडांचे टवके उडालेले, आतून लालसर प्रायमर डोकावतोय. धूळ वरपासून खालपर्यंत सारखी. शेजारी टी-३४, तोच गंज, तेच ओघळ. दोन पावलांवर शर्मन, आणि पुन्हा तेच. रंगकाम निर्दोष, पण या तीन गाड्या तीन देशांच्या, तीन हवामानांतल्या आहेत, हे कळायला खालची चिठ्ठी वाचावी लागते.

टायगर पहिल्यांदा लढाईत उतरला १९४२ च्या उन्हाळ्याच्या अखेरीस, लेनिनग्राडजवळ. मे १९४५ मध्ये युरोपातलं युद्ध संपलं. म्हणजे कुठलाही टायगर युद्धात पुरी तीन वर्षंही जगला नाही आणि बहुतेक त्याच्या कितीतरी आधी संपले. जाड चिलखती पोलादावरचा कारखान्याचा रंग एवढ्या काळात बंदरातल्या जुन्या बोटीसारखा गंजून गळत नाही. गाडा चालता असताना खरा गंज धरतो तो एक्झॉस्टच्या पातळ नळीला, कारण ती रोज तापते आणि तिचा रंग पहिल्या आठवड्यातच जळतो. पट्ट्यांवर तपकिरी थर बसतो, पण जमिनीला टेकणारा भाग आणि चाकांना घासणारे आतले दात चकचकीत राहतात. रंग उडतो तो माणसाचा हातपाय लागतो तिथे: झाकणाची कड, चढताना बूट टेकायची जागा, हत्यारं अडकवायच्या पट्ट्या. इंधन भरायच्या तोंडाभोवती काळा ओशट डाग, त्यावर धूळ चिकटून झालेला गिलावा. चिखलसुद्धा एका रंगाचा नसतो. आतला ओला थर गडद, वरचा वाळलेला फिका, आणि चाकांच्या फटीत परवाच्या गावचा वेगळाच.

जळालेल्या गाड्याची गोष्ट निराळी. रंग जळून जातो, चाकांचं रबर जळतं, उघडं पोलाद थोड्याच दिवसांत विटकरी होतं. हा गंज खरा आहे, पण तो प्रेताचा. चालत्या, लढत्या रणगाड्यावर तो चढवला की मॉडेल स्वतःच्याच गोष्टीला खोटं पाडतं.

हे असं का झालं? माझ्या मते तंत्र बाटलीत भरलं गेलं म्हणून. ओघळांची बाटली, गंजाची बाटली, हिवाळ्यातल्या मळीची वेगळी बाटली, तयार चिखलाची डबी. नवख्याला यांचा मोठा आधार असतो, हे मान्यच करायला हवं. पण बाटलीचं नाव वाचून ती वापरणारा माणूस जुना फोटो वाचायचं विसरतो. परीक्षकही टेबलावर पाच-सात तंत्रं दिसली की खूश होतात. स्वच्छ, नुसता धुळकट गाडा त्यांना अपुरा वाटतो. किट बनवणाऱ्यांची शर्यत याच वळणावरची आहे. हाँगकाँग आणि चीनमधल्या कंपन्यांनी सुटा कडीन् कडी पट्टा, तांब्या-पितळेचे कोरीव भाग आणि आतलं अख्खं यंत्र दिलं. ते दोन महिने खपून बनवायचं आणि वरचं झाकण बसवून कायमचं बंद करायचं. टामियाच्या मोजक्या भागांच्या शिस्तीकडे मी अजूनही आदराने पाहतो.

कुठला गाडा बनवायचा, या निवडीचा प्रश्न तर याहून गंभीर आहे. टायगर बनले साडेतेराशेच्या आसपास, शर्मन सुमारे ४९ हजार. दुकानाच्या फळीवर हे प्रमाण उलटं दिसतं. जर्मन गाड्यांच्या रंगांची विविधता चित्रकाराला मोहवते, हे खरं. पण एका राजवटीच्या यंत्रांवर इतकं प्रेमाने रंगकाम करत राहायचं आणि ती यंत्रं कुठल्या गावांतून गेली हे विचारायचं नाही, ही कलेतली उणीव आहे. जिथून गाडा गेला त्या गावची माती रंगवायला घेतली, तर तो प्रश्न टाळताच येत नाही.

आपल्याकडच्या छंदिष्टांना हे काम करायची मोठी संधी आहे. १९७१ चं एकच युद्ध घ्या. नोव्हेंबरात गरीबपूरला आपले पीटी-७६ बंगालच्या ओल्या, भातशेतीच्या मातीत लढले. डिसेंबरात लोंगेवाला इथे पाकिस्तानी टी-५९ राजस्थानच्या वाळूत रुतले आणि हंटर विमानांच्या तोंडी सापडले. १६ डिसेंबरला बसंतर नदीपाशी पूना हॉर्स रेजिमेंटचे सेंच्युरियन पंजाबच्या गाळाच्या मातीत होते. काही आठवड्यांत तीन प्रकारची माती, तीन प्रकारची धूळ. बसंतरच्या लढाईतच पुण्यात जन्मलेले एकवीस वर्षांचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल धारातीर्थी पडले. त्यांचा ‘फॅमागुस्ता’ हा सेंच्युरियन अहिल्यानगरच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जपून ठेवला आहे. त्याच शहरातल्या रणगाडा संग्रहालयात सेंच्युरियन, विजयंत, १९६५ मध्ये पकडलेला पॅटन असे गाडे जवळून पाहता येतात. आकार, सांधे, वेल्डिंगच्या रेषा शिकायला याहून चांगली शाळा नाही. फक्त त्यांचा रंग प्रमाण मानू नये. जपणूक म्हणून संग्रहालयातले गाडे पुन्हा पुन्हा रंगवले जातात. युद्धातला मळ त्या रंगाखाली केव्हाच गेला.

भारतीय सेंच्युरियन टायगरपेक्षा वेगळ्या पद्धतीने म्हातारा झालेला आहे. १९५० च्या दशकात तो सैन्यात आला, १९६५ लढला, १९७१ लढला. मधली वर्षं छावणीत गेली: धुणं, पुसणं, तपासणीआधी ब्रशने रंग मारणं. त्यामुळे त्याच्यावर टवक्यांपेक्षा रंगाचे थर जास्त हवेत. बोल्टच्या कडा जुन्या रंगाने बुजलेल्या, ब्रशचे फराटे पुसटसे दिसणारे. असं मॉडेल माझ्या पाहण्यात आलेलं नाही. साहित्याचीही सबब नाही. ऑइल कलरच्या कॅमलच्या ट्यूब कोपऱ्यावरच्या स्टेशनरीत मिळतात. धुळीसाठी सुके पेस्टल खडू घासून चालतात. खरी माती मात्र वापरण्याआधी नीट वस्त्रगाळ करावी लागते, कारण एक मिलिमीटरचा कण या प्रमाणात साडेतीन सेंटिमीटरचा दगड दिसतो. पावसाळ्यात कोकणात लॅकर रंग मारला तर दमट हवेने तो पांढुरका पडतो, तेव्हा ते काम दिवाळीनंतरच काढावं.

खरी टंचाई माहितीची आहे. त्या युद्धातल्या गाड्यांचे रंगीत फोटो थोडे. पण तेव्हा विशीत असलेले चालक आणि तोफची आज सत्तरीच्या पुढे आहेत, आणि त्यांतले बरेच जण पुणे-अहिल्यानगर भागातच स्थायिक झालेले आहेत. त्यांना जाऊन विचारायला हवं. रंग कुठल्या डब्यातून यायचा, आणि पातळ कशाने करायचात? कूच करायच्या आदल्या दिवशी गाडा धुतला होता का? जाळीत कुठल्या झाडाची फांदी खोचली होती? पहाटे धुकं उतरल्यावर पुढच्या पत्र्यावरची धूळ भिजून कशी दिसायची? बुरुजावर चढताना कुठे पाय ठेवायचात? मागच्या बाजूला दोरांनी काय काय बांधलेलं असायचं, आणि त्यात सरकारी किती, घरून आलेलं किती?