‘भूमिका’ आणि हंसाबाईंची वाणी

चरित्रपट पाहून उठलेल्या प्रेक्षकाने स्वतःस एक प्रश्न अवश्य विचारावा: जिचे चरित्र म्हणून हे दाखविले, तिच्या कुळाला, वर्णाला आणि वाणीला यात कितपत स्थान मिळाले? नटीच्या चरित्रास ही कसोटी विशेषच लागू पडते. कारण जन्मभर दुसऱ्यांनी लिहिलेली भाषणे बोलणे हाच तिचा व्यवसाय. श्याम बेनेगल यांचा ‘भूमिका’ (१९७७) हा हिंदी चित्रपट हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मचरित्रावर आधारलेला आहे. त्यास ही कसोटी लावून पाहण्याचे आम्ही योजिले आहे.

कुळाविषयी चित्रपटाने लपवाछपवी केलेली नाही. नायिका उषा हिची आजी कलावंत घराण्यातील गायिका. आई मात्र प्रतिष्ठेच्या ओढीने मुलीस चित्रसृष्टीपासून दूर ठेवू पाहणारी. ज्या कलेची लाज वाटते, तिच्याच मिळकतीवर घर चालते, आणि पुढे नवराही त्याच मिळकतीवर जगतो. हे ढोंग दिग्दर्शकाने कोठेही सौम्य केलेले नाही.

वर्णाच्या बाबतीतही चित्रपट उणा नाही. गोरेपणाचा सोस हिंदी पडद्यास पूर्वापार आहे. त्या पडद्यावर सावळ्या स्मिता पाटील नायिका म्हणून आल्या आणि या भूमिकेसाठी त्यांस राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यांचे वडील शिवाजीराव पाटील शिरपूरचे. तेव्हा आम्हां चोपडेकरांस शेजारधर्माने अभिमान वाटावा हे साहजिकच. परंतु नायिका होण्यासाठी आपला रंग पुसावा लागत नाही, हे त्या मुद्रेने सिद्ध केले, याचे मोल आम्ही अधिक मानतो.

उरली वाणी, आणि येथेच चित्रपट कमी पडतो. हंसाबाईंनी आपली कहाणी अरुण साधू यांस सांगितली आणि १९७० साली ती ग्रंथरूपाने आली. ग्रंथाचे नाव त्यांच्याच १९५९ सालच्या गाजलेल्या तमाशापटाचे. त्यातील ‘सांगत्ये’ या एका क्रियापदातच बोलणारी बाई आहे, तिचा मुलूख आहे, आणि ‘ऐका’ या शब्दात ऐकणाऱ्यास दिलेली आज्ञाही आहे. चित्रपटाने हे नाव सोडून ‘भूमिका’ हे नाव घेतले. सांगणारी स्त्री मागे सरली. पाहण्याजोगी स्त्री पुढे आली.

हिंदीमुळे ही कथा देशभर पोहोचली, असा आक्षेप कोणी घेईल. तो खरा आहे, आणि मराठी निर्मात्यांनी हे चरित्र वेळीच हाती घेतले नाही हा दोष बेनेगलांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. तथापि लाभ मोठा म्हणून हानी नाहीशी होत नाही. चोपडा-शिरपुराकडील कितीतरी लेकी घरी अहिराणी बोलतात आणि चारचौघांत ती गिळतात. कारण पडद्यावर गावाकडची बोली बहुधा हसण्यापुरतीच येते. आपल्यासारखा चेहरा त्यांस १९७७ साली दिसला. आपल्यासारखे बोलणे अद्याप ऐकू यावयाचे आहे. उद्या कोणी नटीचे चरित्र रंगविण्यास घेईल, तेव्हा त्याने तिचा चेहरा शोधण्यापूर्वी तिचे बोलणे ऐकावे, एवढेच आमचे मागणे आहे.