पोच, परिचय आणि परीक्षण

मराठी मासिकांच्या शेवटच्या पानांवर ‘साभार पोच’ नावाचे सदर असते. पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशक, पाने आणि किंमत एवढाच मजकूर त्यात असतो. पुस्तक हाती आले, इतकेच हे सदर सांगते. ते वाचले असा त्याचा दावा नसतो. त्यामुळे हे सदर प्रामाणिक म्हणावे लागेल. खरी अडचण त्याच्या अलीकडच्या पानांवर आहे. तिथे ‘परीक्षण’ या मथळ्याखाली जे छापले जाते, ते पुष्कळदा लांबवलेली पोचच असते.

मुलांसाठी लिहिलेल्या विज्ञानविषयक पुस्तकांच्या बाबतीत हे फार जाणवते. अशा परीक्षणाचा साचा ठरलेला आहे. सुरुवातीला आजची मुले वाचत नाहीत ही खंत. मग प्रकरणांची नावे क्रमाने. त्यानंतर ‘भाषा सोपी व ओघवती’, ‘चित्रे आकर्षक’, ‘माहिती मनोरंजक पद्धतीने दिली आहे’ ही तीन विधाने. एखादी मुद्रणदोषाची तक्रार. आणि शेवटी ‘प्रत्येक शाळेच्या ग्रंथालयात असावे असे पुस्तक’ ही शिफारस. पुस्तकाचे नाव बदलून हाच मजकूर दुसऱ्या पुस्तकाला लावला तरी चालून जातो. कोणत्याही पुस्तकाला लागू पडणारे परीक्षण कोणत्याच पुस्तकाचे नसते.

हा प्रश्न केवळ साहित्यिकांचा आहे असे समजू नये. रत्नागिरी जिल्ह्यातील एखाद्या वाडीवरच्या शाळेचा विचार करा. पुस्तके चाळून पाहता येतील असे दुकान तिथून दूर. शिक्षक निवड करणार ती यादीवरून, जाहिरातीवरून किंवा छापून आलेल्या अभिप्रायावरून. २०१८ मध्ये सुरू झालेल्या समग्र शिक्षा योजनेत शाळेच्या ग्रंथालयासाठी वर्षाला ५,००० ते २०,००० रुपयांची तरतूद ठेवण्यात आली. त्यातला सर्वांत लहान आकडा प्राथमिक शाळांच्या वाट्याचा. एवढ्या रकमेत किती पुस्तके येणार? आणि आलेले पुस्तक कपाटात दहा-वीस वर्षे राहते. त्यात चूक असेल तर ती मुलांच्या अनेक तुकड्या वाचतात. परीक्षकाने एका संध्याकाळी केलेल्या आळसाची किंमत इतकी वर्षे चुकवावी लागते.

या भूमीला तर या विषयाची जुनी परंपरा आहे. रत्नागिरीच्या जिल्हा नगर वाचनालयाची स्थापना १८२८ ची. १८४० मध्ये ‘दिग्दर्शन’ हे मासिक काढून भूगोल, पदार्थविज्ञान असे विषय मराठीत आणणारे बाळशास्त्री जांभेकर पोंभुर्ल्याचे. ते गाव आज सिंधुदुर्गात आहे, पण १९८१ पर्यंत ते रत्नागिरी जिल्ह्यातच होते. मुलांसाठी १८८१ मध्ये ‘बालबोध’ मासिक सुरू करून ते तीन दशकांहून अधिक काळ चालवणारे विनायक कोंडदेव ओक गुहागर तालुक्यातील हेदवीचे. ‘बालबोध’मध्ये चरित्र, कविता आणि निबंध यांच्या जोडीने शास्त्रीय विषयांनाही जागा असे. म्हणजे मुलांसाठी मराठीतून विज्ञान लिहिण्याची सुरुवात करणाऱ्यांत कोकणातली माणसे पुढे होती, आणि ही माणसे शिक्षणाच्या क्षेत्रात काम करणारी होती.

लेखनाची परंपरा अशी लांबलचक असली, तरी समीक्षेची मात्र तशी नाही. मालतीबाई दांडेकर यांचे ‘बालसाहित्याची रूपरेखा’ हे पुस्तक १९६४ चे. ‘बालबोध’नंतर ऐंशीहून अधिक वर्षांनी आलेले. मालतीबाई स्वतः मुलांसाठी लिहीत असत, आणि हे ध्यानात घेण्याजोगे आहे. आपल्याकडे बालसाहित्याचा लेखक, संपादक आणि परीक्षक ही पुष्कळदा एकाच छोट्या वर्तुळातली मंडळी असतात. आज मी तुमच्या पुस्तकावर लिहिणार, उद्या तुम्ही माझ्या. शिवाय मुलांसाठी लिहिणाऱ्याला पैसा थोडा आणि मान त्याहून थोडा. तेव्हा त्याला दुखवू नये ही भावनाही असते. ती समजण्यासारखी आहे. पण परीक्षण लेखकासाठी लिहायचे नसते. ते लिहायचे असते पुस्तक विकत घेणाऱ्यासाठी आणि ज्याला ते वाचावे लागणार आहे त्या मुलासाठी.

आता एक उदाहरण घेऊ. मुलांच्या प्रयोगांच्या असंख्य पुस्तकांत एक प्रयोग हमखास सापडतो. ताटलीत पाणी घ्यायचे, मध्ये मेणबत्ती पेटवून ठेवायची आणि तिच्यावर काचेचा पेला उपडा घालायचा. ज्योत विझते, पेल्यात पाणी चढते. खाली स्पष्टीकरण असते : मेणबत्तीने हवेतला ऑक्सिजन वापरला; हवेत तो एक पंचमांश असतो, म्हणून पाणी पेल्याच्या एक पंचमांश उंचीपर्यंत चढले. वाचायला हे फार नीटनेटके वाटते. परीक्षकालाही तसेच वाटते आणि तो ‘सोपे, सुबोध’ असे लिहून मोकळा होतो.

त्याने स्वतः मेणबत्ती पेटवली असती तर? बराचसा वेळ पाणी फारसे हलत नाही आणि ज्योत मंदावून विझल्यावर एकदम वर चढते, हे त्याला दिसले असते. ऑक्सिजन तर ज्योत पेटलेली असताना खर्च होत असतो. मग पाणी विझल्यानंतर का धावते? एकाऐवजी तीन मेणबत्त्या ठेवल्या की पाणी आणखी उंच चढते. पेल्यातला ऑक्सिजन मात्र तेवढाच आहे. तेव्हा दिलेले स्पष्टीकरण टिकत नाही. मुख्य कारण वेगळे आहे. ज्योतीमुळे हवा तापून प्रसरण पावते, काही हवा कडेने बुडबुडे होऊन बाहेर जाते. ज्योत विझल्यावर उरलेली हवा थंड होऊन आकुंचन पावते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला आत ढकलतो. शिवाय ज्योत सगळा ऑक्सिजन संपण्याच्या आधीच विझते, आणि जळण्यातून कार्बन डायऑक्साइड व वाफ तयार होते ती वेगळीच. एक मेणबत्ती, एक पेला आणि दहा मिनिटे एवढ्या खर्चात हे परीक्षण झाले असते. विज्ञानाच्या पुस्तकाचा परीक्षक प्रयोग करून पाहत नसेल, तर त्याने पुस्तक वाचले आहे असे म्हणता येणार नाही.

दुसरी कसोटी परिसराची. आपल्याकडची बरीच पुस्तके परभाषेतल्या पुस्तकांवरून बेतलेली असतात. त्यात गैर काही नाही, भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला म्हणून अनेक पिढ्यांना विज्ञानकथेची गोडी लागली. परंतु कथेत परदेश चालतो, तसा निसर्गाच्या पुस्तकात चालतोच असे नाही. ‘शरद ऋतूत झाडांची पाने गळतात’ हे वाक्य कोकणातल्या मुलाच्या डोळ्यांना खोटे दिसते. इथली बरीच पानगळ थंडी सरताना होते, आणि आंबा-फणस तर पूर्ण उघडे पडतच नाहीत. ‘पौर्णिमेला समुद्राला भरती येते’ हे वाक्य मिरकरवाड्याच्या किंवा हर्णैच्या मुलापुढे वाचावे. ते हसेल. भरती रोज दोनदा येते, दररोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते. पौर्णिमेला आणि अमावास्येला येते ते उधाण, आणि अष्टमीच्या सुमारास असते ती भांगाची भरती. हे सारे त्याच्या घरात जेवणाच्या वेळेशी आणि होडी बाहेर काढण्याशी जोडलेले आहे. काजूची ‘बी फळाच्या बाहेर असते’ असे छापलेले असते. वस्तुतः बोंडू हा फुलाचा फुगलेला देठ, आणि खाली लोंबणारी टणक काजू हेच खरे फळ. बोंडू हातात घेऊन हे पाच मिनिटांत दाखवता येते.

चित्रांचेही तसेच. सागरी कासवाच्या पाठाशेजारी तळ्यातल्या, नखे असलेल्या पायांच्या कासवाचे चित्र छापलेले आढळते. मंडणगड तालुक्यातील वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ च्या सुमारास राखायला घेतली. तिथे पिल्ले समुद्राकडे जाताना पाहिलेल्या मुलाला ठाऊक असते की त्यांना पाय नाहीत, वल्ह्यांसारखे पर आहेत. मोठ्या सागरी कासवाला डोके आणि पर कवचात ओढूनही घेता येत नाहीत. ‘चित्रे आकर्षक’ असा शेरा मारणाऱ्याने हे पाहायला हवे होते. आकर्षक आणि चुकीचे चित्र हे अनाकर्षक चित्रापेक्षा अधिक नुकसान करते, कारण ते लक्षात राहते.

मग परीक्षक तज्ज्ञच असला म्हणजे झाले का? तसेही नाही. १९२८ मध्ये ‘प्रावदा’ या रशियन दैनिकात नादेझ्दा क्रुप्स्काया यांनी कर्नेय चुकोव्स्की यांच्या ‘मगर’ या पद्यकथेवर कडक टीका केली. क्रुप्स्काया लेनिनच्या पत्नी आणि शिक्षणक्षेत्रातील मोठ्या अधिकारी. मगरीविषयी खरी माहिती देण्याऐवजी मुलांच्या हाती निरर्थक बडबड दिली जाते, असा त्यांचा रोख होता. मॅक्झिम गॉर्की यांना चुकोव्स्कींच्या बाजूने लिहावे लागले. चुकोव्स्की स्वतः वर्षानुवर्षे लहान मुलांचे बोलणे टिपून ठेवत असत. अद्‌भुत गोष्टींत रमणारे मूल खरे-खोटे ओळखू शकते, उलटसुलट बडबडीत त्याला गंमत वाटते ती सुलट काय हे ठाऊक असते म्हणूनच, असे त्यांनी त्या नोंदींवरून दाखवले. अमेरिकेतही न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाच्या ॲन कॅरोल मूर यांचा बालसाहित्यात मोठा दबदबा होता. ई. बी. व्हाइट यांचे ‘स्टुअर्ट लिटल’ प्रसिद्धच होऊ नये असे त्यांना वाटत होते. १९४५ मध्ये ते आले आणि मुलांनी ते उचलून धरले. अभ्यासू, प्रामाणिक माणसेही मुलाच्या जागी स्वतःची आवड ठेवतात तेव्हा असे होते. आपल्याकडे याचेच रूप म्हणजे ‘बोध’ शोधणारा परीक्षक. पुस्तकातून कोणता संस्कार होतो, एवढेच तो विचारतो.

याउलट ‘मुलांना आवडले की पुस्तक चांगले’ हेही पुरेसे नाही. मेणबत्तीचे चुकीचे स्पष्टीकरण मुलांना आवडतेच. ते चुकीचे आहे हे सांगणे त्यांच्यावर सोपवता येत नाही. तेव्हा कामाची विभागणी करावी लागेल. ब्रिटनमध्ये १९८८ पासून विज्ञानविषयक बालपुस्तकांसाठी पारितोषिक दिले जाऊ लागले. पुढे रॉयल सोसायटीच्या नावाने ते ओळखले गेले. त्याची पद्धत विचार करण्यासारखी आहे. जाणकार मंडळी आधी मोजकी पुस्तके निवडतात. त्यातले विजेते पुस्तक मात्र ठिकठिकाणच्या शाळांतली मुले वाचून ठरवतात. खरेखोटे मोठ्यांनी पाहायचे, जिवंत आहे की नाही ते मुलांनी.

आपल्याकडे या दोन्ही गोष्टी ज्याच्या हातात आहेत असा माणूस एकच, तो म्हणजे शिक्षक. मुले त्याच्यासमोर आहेत, परिसर दाराशी आहे, आणि शंका आली तर विचारायला जागाही आहेत. रत्नागिरीत सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आहे, दापोलीला कृषी विद्यापीठ आहे. तरीही परीक्षणे लिहितात ती शहरातली, वर्गापासून दूर असलेली माणसे. आणि शिक्षक ती वाचून पुस्तके मागवतात. ही दिशा उलटी व्हायला हवी.

त्यासाठी मोठ्या समीक्षाशास्त्राची गरज नाही. पुढील पाच प्रश्नांची उत्तरे पानभर लिहिली तरी पुरे.

१. पुस्तकातील निदान दोन प्रयोग करून पाहिले का? काय झाले?
२. परिसरात तपासता येण्याजोगी निदान तीन विधाने व चित्रे प्रत्यक्षाशी ताडून पाहिली का?
३. पुस्तक ‘कसे कळले’ हे सांगते की नुसते ‘काय आहे’ एवढेच सांगून थांबते?
४. मुलांनी ते कुठे मिटले? कोणत्या पानावर परत गेली? वाचल्यानंतर कोणते प्रश्न विचारले?
५. ते न घेता त्याच पैशात दुसरे काय घ्यावे?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर मुलांच्याच शब्दांत द्यावे, ‘मुलांना आवडले’ अशा आपल्या शब्दांत नव्हे. पाचवा प्रश्न टाळला जातो, पण विकत घेणाऱ्याच्या दृष्टीने तोच सर्वांत उपयोगाचा. आणि चूक सापडली तर ती पृष्ठक्रमांकासह लिहावी, लेखकाला आणि प्रकाशकालाही कळवावी. पुढच्या आवृत्तीत ती सुधारली, तर त्या परीक्षणाने शंभर स्तुतिपर लेखांहून अधिक काम केले असे समजावे.

चांगल्या पुस्तकाची स्तुती जरूर करावी. पण तीही दाखल्यासह. ‘ओघवती भाषा’ असे म्हणण्याऐवजी लेखकाने एखादी अवघड कल्पना कोणत्या ओळखीच्या वस्तूवरून उलगडली ते सांगावे. मेहनत घेऊन लिहिणाऱ्या लेखकाला खरा मान त्यातच आहे. आज त्याचे पुस्तक आणि घाईने जुळवलेले पुस्तक या दोघांनाही सारखीच विशेषणे मिळतात, आणि दूरच्या शाळेतल्या शिक्षकाला त्यातला फरक कळण्याचा मार्ग उरत नाही.