‘कधीकधी’ला शून्य गुण : ईएटी-२६ आणि खानदेशातली तालीम



पीएच.डी.च्या मुलाखतीत “साधन कोणतं वापरणार?” हा प्रश्न हमखास येतो. कुस्ती, ज्युदो, बॉक्सिंग अशा वजनगटाच्या खेळांतल्या मुलांचं खाणं हा विषय घेतलेले बरेच जण न अडखळता सांगतात, ईएटी-२६. मीही तेच सांगितलं होतं. आज त्या प्रश्नावलीचीच जरा झडती घेऊ.

डेव्हिड गार्नर आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये ती सध्याच्या रूपात आणली. २६ विधानं, २० किंवा जास्त गुण आले तर पुढची तपासणी. छोटी आहे, सोपी आहे, आणि ही फक्त चाळणी आहे, निदान नव्हे, हे तिच्या कर्त्यांनीच सांगून ठेवलंय. पण ती तयार झाली कॅनडातल्या ॲनोरेक्सियाच्या स्त्री-रुग्णांवरून. तिथून ती धुळे-जळगावच्या तालमीत आणताना काय होतं ते बघा.

आपल्याकडचा पोरगा दोन प्रकारची कुस्ती खेळतो. जत्रेच्या फडात काटा नसतो, जोड नजरेनं लावतात. तिथे अंग भरलेलं असणं फायद्याचं. चाळीसगाव तालुक्यातल्या विजय चौधरींनी २०१४ ते २०१६ सलग तीनदा ‘महाराष्ट्र केसरी’ जिंकली. पोरांसमोरचा आदर्श असा धिप्पाड आहे. म्हणून वस्ताद सांगतो खुराक वाढव, आई दुधाचा पेला पुढे करते. आता प्रश्नावलीतली तीन विधानं घ्या. मी जास्त खावं असं इतरांना वाटतं, इतरांना मी फार बारीक वाटतो, खाण्यासाठी इतर माझ्यावर दबाव आणतात. तिन्हींना ‘नेहमी’ म्हटलं की प्रत्येकी ३, म्हणजे ९ गुण. पोरगा ठणठणीत, आणि २० ची जवळपास निम्मी वाट इथेच संपली!

हा दोष त्यातल्या त्यात बरा. एखाद्याची उगाच तपासणी होईल, एवढंच. खरा घोळ गादीवरच्या कुस्तीत आहे, कारण तिथे वजनगट आहे आणि काटा आहे.

प्रश्न मराठीत करून मी पहिल्यांदा तालमीत गेलो, तेव्हा एका पोरानं पेन थांबवून विचारलं, “सर, हे स्पर्धेच्या आधीचं लिहू की नंतरचं?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. वर्षातले तीन-चार आठवडे तो भाकरी अर्धी करतो, शेवटच्या दिवशी पाणी बंद, प्लॅस्टिकचा सूट घालून पळतो. वजन झालं की पोटभर जेवतो. मग भूक मारता का, याला त्यानं प्रामाणिकपणे ‘कधीकधी’ लिहिलं. ईएटी-२६ मध्ये ‘नेहमी’ला ३, ‘बहुतेकदा’ला २, ‘बऱ्याचदा’ला १, आणि ‘कधीकधी’ला शून्य. ‘कधीच नाही’लाही शून्यच. पाणी तोडणं आणि घाम काढणं याबद्दल तर एकही प्रश्न नाही. गुण जोडले की पोरगा ‘सुरक्षित’.

१९९७ च्या अखेरीस अमेरिकेत महिनाभराच्या आसपास तीन कॉलेज-मल्ल वजन उतरवताना मेले. गरम खोली, रबरी सूट, पाणी बंद. त्यानंतर तिथल्या कॉलेज कुस्तीत सॉना आणि रबरी सूटवर बंदी आली, शरीरातलं पाणी तपासणं सुरू झालं. आपल्याकडे मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या आसपास जातो, तिथे गरम खोली वेगळी लागतच नाही. आणि पॅरिसमध्ये ७ ऑगस्ट २०२४ ला विनेश फोगाट १०० ग्रॅमनं बाद झाल्यापासून प्रत्येक पोराला ग्रॅमचा हिशोब तोंडपाठ आहे.

मग दुसरं साधन? ब्राझीलमध्ये आर्टिओली आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ज्युदोपटूंसाठी वजन झपाट्यानं उतरवण्याची प्रश्नावली केली. किती किलो, किती दिवसांत, कोणाच्या सल्ल्यानं, सूट घालता का, थुंकता का, हे ती थेट विचारते. माझं मत विचाराल तर गादीवरच्या पोरांसाठी तीच आधी द्या. पण खाण्याची भीती, खाल्ल्यावर येणारी अपराधी भावना हे तिच्यात सापडत नाही, त्यासाठी ईएटीकडे यावंच लागतं. फक्त एकूण आकड्यावर निकाल देऊ नका, विधानवार उत्तरं वाचा. आणि भरून घेतल्याची तारीख व पुढच्या वजनाची तारीख फॉर्मवरच लिहा. माझ्या पहिल्या गठ्ठ्यात ती नव्हती, तो सगळा बाजूला ठेवावा लागला.

मुलींच्या बाबतीत उपवासाचा गुंता वेगळाच. चतुर्थी, नवरात्र धरून भूक असताना न खाणं ‘बऱ्याचदा’ होतं, आणि त्याआड वजनासाठीची उपासमार सहज लपते. उपवास कोणासाठी धरला, हा प्रश्न मी वेगळा जोडलाय. तो विचारताना वस्तादांना बाहेर चहाला पाठवतो.